भोकाचा पैसा

मृग लागायच्या आधी कोठ्याचे पत्रे बदलायचं काढलं. कोठा म्हणजे गोठा. आमच्या केळझरकडे ढोरं कोठ्यात बांधतात. ढोरं आता उरली दोनच, पण पत्रे आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, घातलेले, म्हणून इतकी वर्षं ते काढायला हात धजावत नव्हता. मिस्त्री वर चढला, गंजलेल्या आकडी बोल्टाचा नट पान्यानं पिळू लागला आणि थोड्या वेळानं वरूनच ओरडला, "काकाजी, हे वायसर नाही ना जी! पैसा हाय!"

त्यानं खाली टाकलं ते नेमकं शेणात पडलं. धुतलं, चिंचेनं घासलं. गंज आणि डांबर निघालं तसा तांबूस रंग वर आला. मधोमध गोल भोक, करंगळीचं टोक अडकेल एवढं. भोकाच्या डोक्यावर मुकुट. कडेला १९४३.

दिवस मावळेपर्यंत असे सात निघाले. सातही जण साठेक पावसाळे पत्रा आणि नट यांच्या मध्ये पडून होते, आणि एकाही बोल्टाखाली कोठा गळत नव्हता. गळत होता तो खऱ्या वायसरांच्या, म्हणजे वॉशरांच्या, जागी.

या पैशाचं चित्र काढायला बसलं की पहिली अडचण तोंडाची येते, कारण त्याला तोंड नाही. त्याच्या आधीच्या पैशांना होतं. आधी राणीचं, मग एडवर्डचं, मग एकामागून एक दोन जॉर्जांचं. माणूस पैसा हातात घेई तेव्हा राजा त्याच्याकडे बाजूनं बघत असे. १९४३ साली आलेल्या या गड्याच्या अंगावर राजाचं डोकं जिथे असायचं तिथे आरपार हवा. मुकुट मात्र जाग्यावर. आजी तो बोटात अडकवून म्हणायची, "राजा पयाला, टोपी राह्यली." टांकसाळीतल्या साहेबाच्या हे ध्यानात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण तांबं वाचवायचं म्हटल्यावर कापायला सोयीची जागा मधलीच, आणि मधे राजा. राज्यकर्त्याची अडचण इतक्या उघडपणे फार कमी वस्तूंनी सांगितली असेल.

अंगानं तो किरकोळ. जुना पैसा इंचभर रुंद आणि पाच ग्रॅमला थोडा कमी. हा दोन ग्रॅमचा, आणि इंचाला चांगलाच कमी. रुपयाचे पैसे चौसष्ट. जुने चौसष्ट पदरात बांधले तर तीनशे ग्रॅमच्या वर भरत, पदर ओढला जाई आणि बाईला आपल्याजवळ रुपया आहे हे चालताना कळे. या नव्या चौसष्टांचं वजन एकशे तीस ग्रॅमही नाही. किंमत तीच, एका आण्याला चार. सरकारनं अर्ध्याहून जास्त तांबं काढून घेतलं आणि हिशेब जसाच्या तसा ठेवला. रयतेनं दुधात पाणी घातलं तर तिला शिक्षा होते, असं आबाजी यावर म्हणत.

तांबं गेलं कुठे? लढाईवर. काडतुसाची टोपणं पितळेची, पितळ तांब्याचं, तोफेच्या गोळ्याला तांब्याचा पट्टा, तारायंत्राला तांब्याची तार. निकेल लागायचं पोलादाला, म्हणून आण्याचा आणि दोन आण्यांचा पांढरा रंग १९४२ मध्ये गेला आणि ते पिवळे झाले. चांदीचं त्याआधीच आटोपलं होतं. १९४० साली रुपयातली चांदी अकरा-बारांश होती ती निम्म्यावर आणली, एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि राणीछाप रुपये १९४१च्या मार्चअखेर चलनातून बाद केले. आमच्याकडच्या बायांनी गाडग्यात पुरलेले होते ते तेच राणीछाप. पाईचं नाणं १९४२ नंतर पाडलंच नाही.

पाई गेली याची मला गंमत वाटते. त्याच्या दोनच वर्षं आधी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, आमच्याच रस्त्यावरच्या पवनारात विनोबांनी युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली होती. नागपूरहून वर्ध्याला जाताना आधी केळझर, मग सेलू, मग पवनार. त्या सत्याग्रहाची घोषणा लोकांच्या तोंडी होती, ना एक पाई, ना एक भाई. लढाईला पैसा नाही आणि माणूस नाही. भाई सैन्यात जात राहिले. वीस-पंचवीस लाखांचं सैन्य उभं झालं. पाई मात्र सरकारनं स्वतःच बंद केली.

भोकाच्या पैशाच्या जन्माआधीची दोन वर्षं चिल्लरच्या दुष्काळाची. लढाईची बातमी वाईट येऊ लागली की लोक कागद सोडतात आणि धातू धरतात. १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, तिकडचं रॉकेल थांबलं, आणि गावात जपानी येणार की काय याच्या गप्पा. ज्याच्याजवळ सुटे पैसे होते त्यानं ते मडक्यात टाकले. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवलं होतं. पण गरज किती हे मडक्याला कोण विचारणार? नाणी भट्टीत घालून भांडी केली जातात अशीही बोलवा होती. देशभर दुकानदारांनी सुट्ट्याऐवजी टपालाची तिकिटं द्यायला सुरुवात केली, काही संस्थानांनी पुठ्ठ्याचे आणे-पैसे छापले.

आजीला ते दिवस सेलूच्या बाजारावरून आठवत. आण्याचं मीठ-मिरची घ्यायचं तर रुपयाची नोट मोडत नाही, म्हणून दुकानदार उरलेल्या पैशांची चिठ्ठी देई. चिठ्ठी त्याच दुकानात चाले. पुढच्या बाजारी ती चोळामोळा होऊन घामानं पुसलेली असे, आणि दुकानदार भिंगातून बघितल्यासारखं करून म्हणे की हे माझं अक्षर नाही. मग चिठ्ठीऐवजी सुपारीचं खांड मिळू लागलं. "पैशाची सुपारी खाऊन टाकली का पैसाच खाऊन टाकला," ती सांगे. तिच्या मते सरकार बुडणार हे तिला तेव्हाच समजलं. गांधी काय म्हणतात, जपान कुठवर आला, हे पुरुषांचं बोलणं. तिच्यापुरतं राज्य म्हणजे रुपयाची मोड मिळणं.

अशात हा आला. नवा कोरा, लालभडक. मुंबई आणि कलकत्ता इथल्या टांकसाळी पुरेनात म्हणून १९४३ मध्ये लाहोरला नवीन टांकसाळ घातली होती, तिथेही तो पाडला जाई. गावानं पहिल्यांदा त्याला हसून घेतलं. खोटा आहे म्हणून कोणी परत केला, कोणी दातानं चावून पाहिला. मग दोन दिवसांत त्याच्या भोकाचा उपयोग लोकांना कळला. पैसा सांडत नाही! सुतळीत ओवला की झालं. दुकानदारानं चौसष्टांची माळ करून गाठ मारली, की मोजायला नको, रुपया. आजीनं आपली माळ तुळशीच्या माळेशेजारी त्याच खिळ्याला टांगली. तिच्या सासूबाईंनी अंधारात एकदा तीच ओढली आणि दोन-तीन प्रदक्षिणा जप करून बसल्या. हात काळा झाला तेव्हा कळलं. "पावला असन," इतकंच त्या म्हणाल्या.

लेकराच्या करदोड्यात तो गेला, बैलाच्या गळ्यात घुंगराच्या जोडीला गेला, भोवऱ्याच्या जाळीच्या टोकाला गेला, म्हणजे जाळी बोटातून सुटत नसे. तोंड नसलेल्याला सगळीकडे शिरता येतं. मुकुटवाल्या पण राजा नसलेल्या या पैशाला लहान मुलं भीत नसत, आणि म्हणून मला तो त्या काळच्या सरकारी वस्तूंमधला एकटाच आवडतो. वॉर फंडाची पावती, परमिट, कंट्रोलचं कार्ड, यांतल्या कशालाच कुणी लेकराच्या कमरेला बांधलं नाही.

स्वभावानं तो खोटारडा होता, हेही सांगितलं पाहिजे. तो स्वतःला पैसा म्हणवी आणि पैशाचं काम करत नसे. १९३९च्या ऑगस्टमधले भाव शंभर धरले तर १९४३ संपेपर्यंत ते दोनशेच्या पुढे गेले होते. म्हणजे वजनानं जसा तो निम्म्याहून कमी झाला, तसा कामानंही. टांकसाळीनं नकळत खरं ते केलं.

या भाववाढीची एक गोष्ट आमच्या मुलखाला जास्त लागली. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव हा कापसाचा पट्टा, आणि इथला आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणात घेई जपान. १९४१ साली ते गिऱ्हाईक गेलं. नुसतं गेलं नाही, शत्रू झालं. कापूस घरात पडला. आणि त्याच वेळी गिरण्या सैन्याचं कापड विणू लागल्या, म्हणून बाजारात धोतर-लुगडं मिळेना; मिळालं तर दुपटीत. ज्याच्या वावरात कापूस फुटला त्याच्या अंगावर कापड नाही. १९४३मध्ये सरकारनं कापडावर कंट्रोल आणला आणि जाडंभरडं 'स्टँडर्ड' कापड काढलं, ते घ्यायलाही रांग. आजी एका लुगड्याचे दोन तुकडे करून आलटून पालटून नेसल्याचं सांगत असे, आणि सांगताना आवाज बारीक करी. भुकेचं ती मोठ्यानं सांगे. लुगड्याचं कधी मोठ्यानं सांगितलं नाही.

रॉकेलचं तर पाहायलाच नको. दिवेलागणीला चिमणी पेटवायची, जेवणं उरकायची, विझवायची. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघानं रॉकेलऐवजी गोडेतेलावर, करंजीच्या तेलावर चालणारा मगनदीप नावाचा कंदील तयार केला होता. मला तो नमुना म्हणून फार आवडतो, पण आमच्या घरी तो कधी आला नाही. आमच्याकडे अंधारच होता.

त्याच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा बसत. लंडनमध्ये हिशेबतपासनीस म्हणून शिकलेला आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस, खादी नेसून वर्ध्याच्या उन्हात तेलघाणी आणि हातकागदाची खटपट करत होता. भोकाच्या पैशाची खरी कुंडली मांडली ती त्यांच्यासारख्यांनी. प्रकार असा होता. इंग्रज सरकार हिंदुस्थानातून गहू, कापड, ज्यूट, लाकूड, सगळं उचली. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत आपल्या नावे मांडून ठेवी. त्या नोंदीच्या भरवशावर इकडे रिझर्व्ह बँक रुपये छापी आणि माल देणाऱ्यांना ते वाटी. माल देशाबाहेर किंवा छावणीत, कागद गावात. लढाई सुरू झाली तेव्हा सुमारे १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या, संपली तेव्हा ११०० कोटींच्या पुढे. वाण्याच्या दुकानातली ज्वारी काही सहापट झाली नव्हती. माणसं भाकर देतात आणि सरकार त्यांच्या हातावर धोंडा ठेवतं, या अर्थाचं कुमारप्पांनी लिहिलं आणि तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात बसून त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिलं.

आबाजींना कुमारप्पा माहीत नव्हते. पण पैसा डोळ्यासमोर धरून भोकातून पलीकडे बघत ते म्हणत, "याच्यातून सारं गाव दिसते, ज्वारी दिसत नाही."

आमच्या या गड्याचा एक थोरला चुलतभाऊ होता, जर्मनीत. तो पहिल्या महायुद्धातला. कैसरच्या सरकारलाही तांबं आणि निकेल तोफांसाठी हवं होतं, म्हणून १९१५ पासून पाच आणि दहा फेनिगची नाणी लोखंडाची निघाली. १९१६ मध्ये एक फेनिग ॲल्युमिनियमचा झाला. लोखंडी नाणं घामानं गंजे, खिशाला डाग पडे. देवळांच्या घंटा उतरवून वितळवल्या. सोनं द्या आणि त्याच्या बदल्यात लोखंडाचा बिल्ला मिरवा, असा प्रचार झाला आणि बायांनी अंगठ्या काढून दिल्या. चिल्लर गायब झाली तेव्हा नगरपालिकांनी आपापल्या कागदी चिठ्ठ्या छापल्या. सेलूच्या दुकानदाराचीच ही चाल, फक्त शिक्का नगरपालिकेचा.

त्या चुलतभावाच्या मालकाला मात्र शेवटी पळावं लागलं. इंग्रजांच्या आरमारानं समुद्र रोखला होता, खत येईना, धान्य येईना. १९१५च्या सुरुवातीलाच बर्लिनमध्ये पावाचं कार्ड आलं; पावात बटाटा तर त्याआधीच मिसळला जाऊ लागला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लोण्याच्या भावावरून बायांनी दुकानांवर दगड मारले. १९१६ मध्ये बटाट्याचं पीक बसलं आणि तो हिवाळा लोकांनी गुरांना घालायच्या शलगमासारख्या कंदावर काढला; त्या हिवाळ्याला नावच त्या कंदाचं पडलं. पहाटेपासून लागणाऱ्या रांगेला बर्लिनकर पोलोनेझ म्हणत. पोलोनेझ हा एक नाच, त्यात जोड्या एकामागे एक चालतात. भुकेल्या माणसाची थट्टा कुठल्याही भाषेत अशीच असते, आजीच्या टोपीसारखी.

पण जर्मनीत क्रांती नुसत्या भुकेनं झाली असं मानायला मी तयार नाही. भुकेचा हिवाळा १९१६-१७चा, कैसर गेला १९१८च्या नोव्हेंबरात. मधली जवळजवळ दोन वर्षं राज्य उभंच होतं. रांगेत उभ्या बाईला कंदाचा राग कमी आणि मागच्या दारानं लोणी नेणाऱ्याचा जास्त. पैसेवाला शहरातून आगगाडीनं खेड्यात जाई आणि पोतं भरून आणी, तिच्या नवऱ्याला खंदकात मरायला पाठवलं जाई. १९१८च्या जानेवारीत बर्लिनच्या कारखान्यांतले लाखो कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत भाकरीइतकीच शांततेची आणि मताच्या हक्काची मागणी होती. आणि ऑक्टोबरच्या शेवटी, लढाई हरल्याचं सगळ्यांना ठाऊक असताना, आरमाराच्या अधिकाऱ्यांनी शेवटची एक लढाई म्हणून जहाजं बाहेर काढायचा हुकूम सोडला. खलाशांनी भट्ट्या विझवल्या. कील बंदरात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाल निशाणं लागली, ९ तारखेला बर्लिनमध्ये कैसर गेल्याची घोषणा झाली. पोट चार वर्षं दुखत होतं. आपल्याला उगीच मारायला नेतात हे कळलं त्या आठवड्यात राज्य पडलं.

त्याच १९१८ साली आमच्या मुलखात काय होतं? पाऊस दगा देऊन गेलेला, आणि पानगळीसारखी माणसं पाडणारा इन्फ्लुएन्झा. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्या साथीनं जितकी माणसं नेली तितकी देशात फार थोड्या ठिकाणी गेली असतील. चांदी तेव्हाही संपली होती. सरकारनं १९१७च्या शेवटी एक रुपयाची आणि तिच्या पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली. अडीच रुपये! नोटेलाही अर्धं पोट. पण कैसरसारखं कुणी कुठे गेलं नाही. मेलेल्यांना पोचवायलाच माणूस पुरेना तिथे राजाला कोण पोचवतो.

चोवीस वर्षांनी, १९४२ मध्ये, वर्धा जिल्ह्यातलंच एक गाव उठलं. आणि इथे आमचा हा पैसा मला कोड्यात टाकतो. त्याच्या अंगावरचं साल १९४३. उठाव त्याच्या आधीचा. १४ जुलै १९४२ला काँग्रेसच्या कार्यकारिणीनं वर्ध्यात बसून इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईत तो पक्का झाला, दुसऱ्या दिवशी पुढारी पकडले गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर गेले; गोळी चालली, गावकरी पडले, चिडलेल्या जमावानं पोलीसही मारले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यात चिमूर. मग फौज आली आणि चिमूरच्या बायांवर जे झालं त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधींच्या आश्रमातल्या भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. तोवर १९४३ उजाडलं होतं, आणि बंगालचा दुष्काळ पुढेच होता.

म्हणजे जर्मनीत भूक आधी आणि क्रांती मागून. आमच्याकडे क्रांती आधी, आणि भूक, कंट्रोल, भोकाचा पैसा हे सगळं तिच्या मागून. आष्टीला गेलेल्यांच्या कमरेला जुना जड पैसा होता, राजाच्या तोंडाचा. त्यांना महागाई कळत नव्हती असं नाही. चिल्लर, रॉकेल, वॉर फंडाचा तगादा, हे सगळं होतंच. पण ते ठाण्यावर गेले ते ज्वारीचा भाव विचारायला गेले नव्हते. आमची लढाई नाही, आम्हाला न विचारता आम्हाला तिच्यात घातलं, हे १९३९च्या सप्टेंबरात वर्ध्यातच काँग्रेसनं लिहून दिलं होतं. कीलच्या खलाशाचं आणि आष्टीच्या शेतकऱ्याचं जुळतं ते इथे. दोघांच्या ताटात काय होतं ते वेगळं. आणि खरी हलाखी आली त्या १९४३-४४मध्ये आमच्याकडे कुणी उठलं नाही. उठणारे तुरुंगात होते, आणि बाकीचे रांगेत.

केळझरला रांगेचा इतिहास जुना आहे. गावात सांगतात की हीच महाभारतातली एकचक्रानगरी, टेकडीवरचा सिद्धिविनायक तेव्हापासूनचा, आणि बकासुर इथलाच. त्याला रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते नेणारा माणूस लागे, आणि घरोघर पाळी बांधलेली. आबाजी कंट्रोलच्या रांगेत उभे असताना कोणी कुरकुरला की म्हणत, "बकासुराचं बरं होतं गा. पाळी सगळ्यांले होती. मालगुजारालेही." लोक हसत. लिहायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या गोष्टीतही गाव वर्षानुवर्षं गाडं भरून देतच होतं. ज्या घरी भीम उतरला होता त्या घरची पाळी आली, बाईमाणसाचं रडणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं, तेव्हा गोष्ट हलली. आणि भीमानं तरी काय केलं? आधी गाडं रिकामं केलं, आपण जेवला, मग लढला.

कंट्रोल हा शब्द मात्र आमच्याकडे राहिला तो राहिलाच. दुकानावर पाटी वेगळीच असते, पण बाया अजून म्हणतात, "कंट्रोलचे गहू आले का वं?" लढाई संपून ऐंशी वर्षं झाली, शब्दाला कुणी सांगितलं नाही.

पैशाचं आयुष्य त्यामानानं लहान. १९४७ पर्यंत तो पाडला गेला. राज्य बदललं, लाहोरची टांकसाळ दुसऱ्या देशात गेली, पण तो चालत राहिला, मुकुट घेऊन. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि चौसष्टांच्या माळेचा हिशेब एका दिवसात जुना झाला. एक जुना पैसा म्हणजे दीड नवा पैसा आणि वर काहीतरी; त्या काहीतरीवरून बाजारात जी भांडणं झाली त्यांत जुन्या पैशाची अब्रू गेली. आजीनं माळ तोडली नाही. आबाजींनी तोडली. कोठ्यावर पत्रे चढवायचे होते, वायसर आणायला नागपूर-वर्ध्याला कोण जातो, आणि हा गडी नेमका आकडी बोल्टाच्या मापाचा. लोखंडी वायसरापेक्षा पैसा स्वस्त, असं तेव्हा बरेच लोक म्हणत आणि लावत. आजी दोन दिवस बोलली नाही. चौसष्टांतले पत्र्यांना किती लागले, बाकीचे कुठे गेले, हे तिनं पुढे कधी विचारू दिलं नाही.

परवा मिस्त्री नवे पत्रे चढवत होता. आता स्क्रू येतात, रबराच्या वायसरासकट, यंत्रानं घुर्र करून बसतात. एका कोपऱ्यात, जिथे जुनी सागाची बल्ली तशीच ठेवली, तिथे स्क्रू धरेना; जुनाच आकडी बोल्ट लावावा लागला, आणि त्याला वायसर नव्हता. मिस्त्रीनं खाली बघितलं. सात पैसे मी ओसरीवर ओळीनं वाळत घातले होते.

"काकाजी, द्याना एक," तो म्हणाला. "तुमच्यापाशी सा राह्यतेच ना."

मी त्यातल्या त्यात झिजलेला बघू लागलो. तेवढ्यात नातू पुढे झाला आणि सगळ्यांत चकचकीत होता तो, मुकुट स्वच्छ दिसणारा, उचलून त्यानं वर फेकला. मिस्त्रीनं झेलला, बोल्टात घातला, मुकुट पत्र्याकडे करून, आणि नट आवळला. पहिला पाऊस झाला आहे. त्या कोपऱ्यात अजून गळलं नाही.